जनीचं न्हाणं
ओवी-अभंगातल्या बाया : भाग ५

मागच्या भागात आपण मुक्ताबाई पाहिली. ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांची समजूत काढणारी धाकटी बहीण. तिच्या पाठीशी भावंडं होती, घरात ज्ञान होतं. जनाबाईपाशी यातलं काहीच नव्हतं. तरीही श्रद्धेच्या आधारानं बाई स्वतःवर माया करायला कशी शिकते, हे समजून घ्यायचं तर तिच्याच दाराशी जावं लागतं.

तिचं गाव गोदाकाठचं गंगाखेड, आजच्या परभणी जिल्ह्यातलं. लहान वयातच ती पंढरपुरात दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या घरी आली आणि तिथेच राबली. नामदेवांचा काळ १२७० ते १३५० मानतात, तोच तिचाही. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. दळण, कांडण, झाडलोट, धुणं, पाणी, शेण्या ही सगळी कामं त्यांत आहेत आणि प्रत्येक कामात विठ्ठल तिच्या हाताखाली आहे. पण माझं मन अडकतं ते न्हाण्याच्या अभंगांत.

तुळशीच्या बनात जनी वेणी सोडून बसली आहे. देव हातात लोणी घेऊन तिची डोई चोळतो. तिला दुसरं कुणी नाही, म्हणून अंगावर पाणीही तोच घालतो. आणखी एका अभंगात पाणी कढत आहे, विसणाला गार पाणी नाही, आणि देव तिच्यासाठी धावतो.

डोईला तेल-लोणी चोळून न्हाऊ घालणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको. हे आईचं काम. सासरी राबलेली लेक माहेरी आली की आधी तिचं डोकं पाहिलं जातं. आई-बाप दुरावलेल्या, दुसऱ्याच्या घरी कामाला असलेल्या पोरीच्या केसांतून हात कोण फिरवणार? जनीनं ते लाड करून घेण्याचा हक्क थेट देवाकडे मागितला. तो मिळाला, हे झाकूनही ठेवलं नाही. माझा सखा मला न्हाऊ घालतो, असं साऱ्या लोकांना सांगितलं. दिवसभर सगळ्यांचं करणारी ही बाई स्वतःचं करून घेताना जराही संकोचत नाही.

आपल्या व्रतांचा हिशेब मांडला, तर हे केवढं मोठं आहे ते कळतं. वटपौर्णिमा नवऱ्याच्या आयुष्यासाठी, श्रावणातली जिवतीची पूजा लेकरांसाठी, हरतालिका मनाजोगत्या वरासाठी. ही व्रतं बायका मनापासून करतात, त्यांतली माया खरी आहे. पण देवापुढे हात जोडल्यावर स्वतःसाठी काय मागायचं, हे आपल्याला फारसं कुणी शिकवलं नाही. जनीनं ते शिकवलं. बाईचा जन्म मिळाला म्हणून उदास होऊ नये, असं ती बजावते. देव रुसला, उशिरा आला, तर त्याला एकेरीत खडसावते. डोईचा पदर खांद्यावर आला तरी टाळ-वीणा घेऊन भरल्या बाजारातून जाईन, आता मला अडवणार कोण, असंही विचारते. देवानं आपलं म्हटल्यावर लोक काय म्हणतील याचं भय तिला उरत नाही. स्वतःला ती आनंदानं नामयाची दासी म्हणवते, पण त्या नम्रतेत कमीपणा नाही.

हा वारसा जात्यावर टिकला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत पंढरी माहेर होते, विठ्ठल कधी बाप होतो, कधी भाऊ. जिला घरात कुणी ऐकून घेत नव्हतं, ती पहाटे जात्याशी बसून आपलं सुखदुःख त्याला सांगत होती, आणि त्याला ते ऐकावंच लागत होतं. आपलं जगणं देवाच्या कानावर घालण्याजोगं आहे, हा विश्वास म्हणजे स्वतःचा मानच. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनाबाईचं म्हणून दाखवलं जाणारं जातं पाहायला आजही वारकरी बायका थांबतात, त्याला हात लावतात.

म्हणून दिवा लावायला बसाल तेव्हा घरातल्या सगळ्यांसाठी मागून झाल्यावर लगेच उठू नका. आपलं नाव घेऊन, आपल्यासाठी काहीतरी मागा. थकवा आला असेल तर तो सांगा, एखादी गोष्ट छान जमली असेल तर तीही सांगा. सणाच्या दिवशी सगळ्यांची अंघोळ आटोपल्यावर उरलेल्या पाण्यात घाईनं न्हाऊ नका. डोक्याला तेल लावून घ्या, बहिणीच्या, लेकीच्या हातून लावून घ्या. यात भक्तीला कसलाही उणेपणा येत नाही. ज्या देवावर आपण एवढा जीव लावतो, त्याचाही आपल्यावर जीव आहे हे मानणं, हीसुद्धा भक्तीच आहे.

पुढच्या भागात : तुकोबांना गुरू मानून आपली जीवनकथा अभंगांत सांगणारी बहिणाबाई सिऊरकर.