वाडा उतरवणारी माणसं

जुन्या सागवानाला करवत लावली की पहिल्यांदा भुसा उडतो तो करडा. दोन-चार ओढींनंतर त्याचा रंग पिवळा होतो आणि मग वास येतो, तेलकट, थोडा तिखट, अगदी ताजा. शंभर-दीडशे वर्षं कौलांखाली वाळलेल्या लाकडाला असा वास असेल असं मला वाटलं नव्हतं. पुण्याच्या कसबा पेठेतल्या एका बोळातून सकाळी सहाच्या सुमाराला जाताना तो नाकात शिरला आणि मी आत डोकावले. पुढचे काही दिवस डोकावतच राहिले.

आत एक दुचौकी वाडा उतरत होता. काम पहाटे सुरू होतं, कारण दिवसा बोळात टेम्पो उभा राहिला की अर्धी पेठ अडते. कौलं, रिपा, वासे आधीच निघाले होते. वरच्या मजल्याची जमीनही खणून झाली होती. कडीपाटावर अंथरलेली माती घमेल्यांनी खाली आली होती. आता पाळी खांब-तुळयांची होती, आणि तिथे एक साठीच्या पुढचे मिस्त्री होते. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागले.

मामांच्या हातात लोखंडी हातोडा क्वचितच दिसे. लाकडी मोगरी असे. तुळईखाली टेकू द्यायचा, दोर बांधायचा आणि मग खांबाच्या डोक्यावरचं कुसू खोबणीतून सुटेपर्यंत चारही बाजूंनी हलके ठोके. एका बाजूने जोर लावला तर कुसू फाटतं आणि खांबाची किंमत पडते. ठोका मारला की मामा कान लावत. आवाज बदलला की थांबत, दुसऱ्या बाजूला जात. ‘सोडतंय,’ म्हणत. लाकडाने स्वतः होकार द्यायची वाट बघत असल्यासारखे.

‘खिळा दिसला का तुमाला कुठं?’ त्यांनी मला विचारलं. दिसले होते, बरेच. ‘ते भाडेकरूंचे. पत्रे ठोकायला, दोऱ्या बांधायला. मूळच्या सांगाड्यात न्हाई एकबी.’

वाड्याची गंमत हीच, की तो लाकडाचा आहे. जोतं दगडाचं, भिंती विटा-मातीच्या, पण आतला भार खांब, तुळया आणि कड्यांवर. घर मोजायचं तेही खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात. लाकूड गेलं की काय उरतं ते पाहायला इथून पाच मिनिटांवर जावं. शनिवारवाडा १८२८ साली जळाला. आज लोक तिकीट काढून आत जे बघतात ती मुख्यतः जोती आणि तटबंदी आहे. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. या वाड्याच्या खालच्या खांबांवर छातीच्या वर एक काळपट पट्टा आहे. घरचे लोक तो पुराचा म्हणून दाखवतात. मामांच्या मते ती मोरीची ओल आहे.

घरच्या लोकांपैकी एक काका रोज येऊन खुर्ची टाकून बसत. प्रत्येक बोलण्यात त्यांची एक संख्या यायची. ‘तेवीस सह्या लागल्या.’ तेवीस वारस, त्यातले काही परदेशात, एक नाशिकला, दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. वाड्याबद्दल हळहळणारं कुणी बोळातून गेलं की काका म्हणत, ‘तेवीस सह्या, आणि दुरुस्तीला वर्गणी विचारली तेव्हा एकही नाही.’ भाडेकरूंची भाडी भाडेनियंत्रणाने इतकी गोठलेली, की महिन्याच्या सगळ्या भाड्यात एका खोलीची कौलंसुद्धा परतून झाली नसती. भाडेकरूंना तरी काय मिळत होतं? दोन खोल्या, सामाईक संडास आणि भिंतीच्या जाडीत बसवलेला तो अंधारा, उभा जिना. त्या जिन्यावरून बादल्या वाहिलेल्या बाईला सुरूच्या आकाराच्या खांबांचं कौतुक सांगायची माझी हिंमत नाही. हेरिटेज वॉकला येणाऱ्यांची असते. ते फोटो काढत आणि ‘काय हे!’ म्हणत पुढे जात. कुसू म्हणजे काय, हे त्यांच्यापैकी कुणी मामांना विचारलेलं मी ऐकलं नाही.

या पेठेची सकाळ शांत असते, आणि ती शांतता मी आजवर लोकांच्या स्वभावाच्या खात्यावर घालत होते. इथे उभं राहिल्यावर तिचं खरं श्रेय भिंतीला जातं हे लक्षात आलं. बोळाकडे तळमजल्याला दोन हात जाड भिंत, तिला एक दिंडी दरवाजा आणि झरोक्याएवढ्या खिडक्या. नळाची धार, भांडी, रेडिओ, भांडणं, सगळं आतल्या चौकात होतं आणि तिथूनच वर आभाळात जातं. बोळात येतो तो फक्त देवळाच्या घंटेचा आणि केरसुणीचा आवाज. तांबट आळीतले ठोके सुरू व्हायला अजून अवकाश असतो. मंगळवारी मधली भिंत पाडली आणि पलीकडच्या घरातल्या कुकरची शिट्टी बोळात प्रथमच ऐकू आली. नव्या इमारतीत तळाला पार्किंग येणार. तिथे सकाळी एक स्कूटर सुरू झाली तरी सगळ्या बोळाला कळेल.

वाडे असे हाताने उतरतातच असं नाही. फुले दांपत्याची मुलींची शाळा जिथे १८४८ साली भरली तो बुधवार पेठेतला भिडे वाडा डिसेंबर २०२३मध्ये पोलीस बंदोबस्तात रात्रीतून पाडला गेला, स्मारकासाठी. इथे मामांना वेळ मिळाला, कारण लाकडाला गिऱ्हाईक आहे. किरकोळ कड्या आणि पाट भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटकडे जातील. पण मागचा चौक, चार सुरूचे खांब, वरच्या महिरपी आणि केळफुलं, अख्खा विकला गेलाय. मुळशीकडे कुणी फार्महाऊस बांधतंय, तिथे तो पुन्हा उभा राहायचा आहे.

म्हणून मामांनी गेरूने प्रत्येक तुकड्यावर खूण केली आहे: पू १, पू २, द १. काही खुणांखाली आडवी रेघ, काहींना टिंब. रेघ म्हणजे काय, ते सांगत नाहीत. गिऱ्हाइकाचे आर्किटेक्ट एकदा येऊन मोबाईलवर सगळ्या खांबांचे फोटो काढून गेले.

‘उभारायला तुम्हीच जाणार ना?’ मी विचारलं.

‘त्यांनी दुसरा माणूस बघितलाय. स्वस्तातला.’ मामांनी मोगरी दुसऱ्या हातात घेतली. ‘मला उतरवायचा दर दिला. रेघेचा अर्थ त्या दरात न्हाई.’

गेल्या आठवड्यात तिकडून दोनदा फोन आला. मामांनी आकडा सांगितलाय.