पालि लेखनासाठी कळफलकाची पुनर्रचना

रोमन लिपीत पालि लिहिताना दहा अक्षरे सर्वसाधारण इंग्रजी कळफलकावर आढळत नाहीत. दीर्घ आ, ई, ऊ यांच्या माथ्यावर आडवी रेघ हवी. ट, ड, ण, ळ आणि निग्गहीत यांच्याखाली टिंब हवे. ङ च्या माथ्यावर टिंब, तर ञ च्या माथ्यावर नागमोडी रेघ हवी. (ठ व ढ ही अक्षरे अनुक्रमे ट व ड यांना ह जोडून साधतात, म्हणून ती वेगळी मोजावयाची नाहीत.) प्रोग्रॅम करता येणारा कळफलक घेतल्यास ही दहाही अक्षरे हाताशी आणता येतात. मात्र त्यांतील कोणते काम कळफलकाकडे सोपवावयाचे, हे आधी ठरविले पाहिजे.

कळफलकास अक्षर ठाऊक नसते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. कळांखाली आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. एक लहानशी चिप ती सतत तपासते आणि दाबलेल्या कळेचा संकेतांक संगणकाकडे धाडते. त्या संकेतांकाचे अक्षर करणे हे संगणकाचे कार्य होय. म्हणूनच इंग्रजी मांडणीत 'डी' उमटविणारी कळ इनस्क्रिप्ट मांडणीत हलन्ताचे चिन्ह देते.

चिपमधील आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात. जुन वाको यांच्या टीएमकेवरून विकसित झालेले क्यूएमके हे त्यांतील सुपरिचित व मुक्त फर्मवेअर आहे. त्यात कळांची मांडणी एकावर एक रचलेल्या स्तरांत करतात. असे स्तर ३२ पर्यंत ठेवता येतात. वरच्या स्तरातील एखादी कळ 'पारदर्शक' ठेवली, की खालच्या स्तरातील अर्थ तिला लागू होतो. पालिसाठी एकच जादा स्तर पुरतो, आणि त्यात दहा कळा वगळता सर्व कळा पारदर्शक ठेवाव्यात. स्तर बदलणारी कळ अंगठ्याखाली असावी. स्पेसच्या कळेसच हे दुसरे काम देण्याची सोय आहे. ती कळ सुमारे २०० मिलिसेकंदांहून अधिक काळ दाबून धरली तर स्तर बदलतो, एरवी मोकळी जागा पडते. जलद टंकलेखन करणाऱ्यास ही युक्ती जाचकच ठरते, असे आमचे मत आहे.

बदल करावयाचा तो सी भाषेतील एका तक्त्यात. नंतर त्याचे संकलन करून तयार झालेली फाईल यूएसबीवाटे चिपमध्ये भरतात. व्हाया ही प्रणाली चालणाऱ्या कळफलकांवर हा खटाटोपही वाचतो.

अक्षरे थेट फर्मवेअरमधूनही पाठविता येतात; परंतु तो मार्ग आम्हांस प्रशस्त वाटत नाही. दीर्घ आ चा यूनिकोड क्रमांक ०१०१ आहे. लिनक्सवर कळफलक कंट्रोल, शिफ्ट व यू या कळांपाठोपाठ हे अंक कोणी टंकित करीत असल्याप्रमाणे धाडतो. विंडोजवर त्यासाठी विनकंपोज हा निराळा प्रोग्रॅम लागतो, म्हणजे यंत्र बदलले की व्यवस्था कोलमडते. त्यापेक्षा स्तरातील कळेने उजवी ऑल्ट व मूळ अक्षर एवढेच पाठवावे, आणि त्या जोडीचे अक्षर संगणकातील मांडणीने करावे. मग हा कळफलक जवळ नसतानाही उजवी ऑल्ट दाबून त्याच संगणकावर काम चालू ठेवता येते.

निग्गहीताच्या बाबतीत अधिक सावध राहिले पाहिजे. कोणी एमच्या खाली टिंब देतात, कोणी वर. पालि टेक्स्ट सोसायटीच्या १९२१ ते १९२५ मधील कोशात तर एनला शेपूट जोडलेले तिसरेच चिन्ह आहे. वाचकास ही एकच गोष्ट भासते, संगणकास मात्र तीन. शिवाय टिंबासह असलेले ट एका क्रमांकाने लिहिता येते, तसेच टी आणि जोडटिंब अशा दोन क्रमांकांनीही. कागदावर दोहोंत भेद दिसत नाही. परंतु साध्या शोधात एक रूप सापडते, दुसरे निसटते. एका ग्रंथाची सूची दोघांनी दोन मांडण्यांवर केली, तर एकच पद दोन ठिकाणी विभागले जाते. यास्तव कळफलकावर निग्गहीतासाठी एकच कळ ठेवावी, ती खालच्या टिंबाची असावी आणि तिचे अक्षर सदैव एकाच क्रमांकाचे असावे. एखाद्या प्रकाशनास वरचे टिंब हवे असल्यास ते संहिता पूर्ण झाल्यावर एकदाच सर्वत्र बदलून द्यावे.