काचेआडचा गारवा

दिंडोरीहून वणीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षांचे मांडव लागतात. ऑक्टोबरची छाटणी उरकली, की या मांडवांखालून दिवसभर एक घरघर ऐकू येऊ लागते. ठेंगणा ट्रॅक्टर, मागे औषधाची टाकी आणि ब्लोअर, पुढे उघड्या सीटवर तोंडाला रुमाल बांधलेला चालक. डावणी आणि भुरी ही द्राक्षाची दोन जुनी दुखणी. आभाळ भरून आले, की फवारणीचे फेरे वाढतात. ब्लोअर मागे औषधाचे धुके उडवतो आणि वारा फिरला, की तेच धुके चालकाच्या अंगावर येते.

याच बागेतल्या घडाचे नशीब मात्र वेगळे आहे. निर्यातीचा घड वेलीवरून उतरला, की तो लगेच पूर्वशीतकरणाच्या खोलीत जातो, तिथून शून्य अंशाच्या आसपासच्या शीतगृहात आणि पुढे थंड कंटेनरमधून थेट युरोपात. त्याच्या सालीवर औषधाचा अंश किती उरला, हे प्रयोगशाळेत तपासले जाते. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशावरून आपली द्राक्षे युरोपात अडकली आणि बागाइतदारांचे कंबरडे मोडले. त्या फटक्यानंतर सगळेच सावध झाले. घडाच्या अंगावरचा अंश असा काटेकोर मोजला जातो. चालकाच्या अंगावरचा कोण मोजतो?

या प्रश्नाला यंत्राच्या जगाने दिलेले एक उत्तर म्हणजे बंद केबिन. अमेरिकेत जॉन डिअर कंपनीने १९७२ साली आवाज आणि धूळ बाहेर ठेवणारी केबिन आपल्या ट्रॅक्टरवर बसवली. आज आपल्याकडेही महिंद्रा आणि जॉन डिअर या कंपन्या कारखान्यातूनच एसी केबिन बसवलेले ट्रॅक्टर विकतात. हा उंच ट्रॅक्टर द्राक्षाच्या मांडवाखाली शिरत नाही, हे खरे. त्याचे राज्य मोकळ्या रानात: नांगरट, रोटाव्हेटर, मका, ऊस. पण जिथे तो चालतो तिथेही एक गोष्ट ध्यानात घेतली जात नाही. केबिनमधला एसी हा चैनीचा भाग नाही. केबिन बंद राहते ती त्याच्याच जिवावर.

एप्रिलच्या उन्हात काचेच्या खोलीत इंजिनाशेजारी बसून पाहा. एसी बंद पडला, की चालक पहिली गोष्ट करतो ती दार उघडण्याची. दार उघडले, की धूळ, धूर आणि औषध, सगळे आत. केबिनचा पंखा बाहेरची हवा फिल्टरमधून ओढून आत किंचित जास्त दाब ठेवतो. त्यामुळे फटींतून हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही. उघड्या दाराने ही सारी योजनाच मोडते. जास्त पैसे मोजून घेतलेली केबिन मग केवळ डोक्यावरचे छप्पर उरते.

आता दुरुस्तीकडे वळू. केबिन गार होईना, की आपल्याकडे एकच निदान होते: ‘गॅस संपला!’ वास्तविक गॅस हा डिझेलसारखा संपत नसतो. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून द्रवरूप होतो, एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून निसटताना त्याचा दाब पडतो आणि केबिनच्या कॉइलमध्ये तो आतली उष्णता शोषून घेतो. गॅस कमी झाला असेल, तर तो कुठेतरी गळतो आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे.

म्हणून खिशात हात घालण्याआधी क्रमाने पाहावे. आधी वारा तपासा. जाळीतून वाराच कमी येत असेल, तर फिल्टर तुंबला आहे किंवा आतली कॉइल धुळीने माखली आहे. वारा अजिबात नसेल, तर फ्यूज पाहा. वारा भरपूर पण कोमट, असे असेल तर इंजिनाच्या बाजूला जा. भुसा आणि पाचटाची धूळ कंडेन्सरच्या पत्र्यांत घट्ट बसते. सकाळी गार आणि दुपारी गरम, ही तक्रार बहुधा त्याचीच असते. इंजिन बंद करून, गार झाल्यावर, हवा जिकडून आत शिरते त्याच्या उलट दिशेने हलक्या दाबाने ती फुंकून काढावी. गाडी धुण्याचा जोरदार फवारा जवळून मारला, तर नाजूक पत्रे वाकतात आणि रोगापेक्षा औषध भयंकर होते.

मग कॉम्प्रेसरचा पट्टा. तो सैल असेल तर घसरतो. बटण दाबताच कॉम्प्रेसरच्या क्लचचा ‘टक्’ असा आवाज यायला हवा. तो आला नाही, तर फ्यूज, वायर, रिले आणि दाबाचा स्विच यांच्याकडे संशयाने पाहावे. हा स्विच गॅस फार कमी झाला, की कॉम्प्रेसर चालूच देत नाही; कारण कॉम्प्रेसरला लागणारे तेल गॅसबरोबरच फिरते. तिथे वायरचा तुकडा जोडून काम भागवणारा मिस्त्री दिवस साजरा करतो खरा, पण पुढे कॉम्प्रेसरच जातो.

आणखी दोन गमती. पहिले अर्धा तास छान गार आणि मग वाराच आटला, थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा ठीक, असे झाले तर आतल्या कॉइलवर बर्फ साचतो आहे. थर्मोस्टॅट किंवा तुंबलेला फिल्टर पाहावा. दुसरी अशी, की अनेक केबिनांत हीटरही असतो. त्याचा व्हॉल्व्ह नीट मिटला नाही, तर इंजिनाचे गरम पाणी आत खेळत राहते आणि एसी बिचारा त्याच्याशीच झुंजतो.

इतके पाहूनही दोष उरला, तरच गेजवाल्या मिस्त्रीकडे जावे. दोन्ही बाजूंचा दाब कमी असेल तर गॅस कमी; दोन्हींचा जास्त असेल तर कंडेन्सर तुंबलेला, गॅस जादा किंवा नळ्यांत हवा शिरलेली; खालचा दाब चढा आणि वरचा उतरता असेल तर कॉम्प्रेसर थकलेला. सांध्यावर तेलाचा डाग दिसला, तर गळती तिथेच असण्याचा संभव मोठा. गळती बुजवून, ड्रायर बदलून, निदान अर्धा तास व्हॅक्यूम पंप लावून आणि गॅस वजन करून भरला, तरच काम पुरे झाले म्हणायचे. पंपाविना भरल्यास आत राहिलेली ओल व्हॉल्व्हमध्ये गोठते आणि धातूही खाते. उघड्या गॅसने कातडी आणि डोळे गोठतात, तेव्हा हे काम घरच्या घरी करण्याचे नव्हे. शिवाय हा गॅस, आर-१३४ए, ओझोनला धक्का लावत नसला, तरी हवेत सोडल्यास तेवढ्याच कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशेपट तापमान वाढवतो.

फवारणीसाठी आणखी एक पथ्य आहे. साधा कागदी फिल्टर धूळ अडवतो, औषधाची वाफ नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचा फिल्टर लागतो. युरोपीय मानकात केबिनचे चार वर्ग आहेत. धूळ, तुषार आणि वाफ या तिन्हींपासून संरक्षण फक्त चौथ्या वर्गात मिळते. कोळशाचा फिल्टर फुंकून साफ होत नाही, मुदतीत बदलावाच लागतो. गार हवा येते म्हणून ती शुद्ध आहे, असे समजणे घातक ठरेल.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर मुखवटे, हातमोजे यांचा उपदेश खूप झाला. पण उकाड्यात अंगभर कपडे आणि मुखवटा टिकत नाही, हे शेतात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. माणूस निष्काळजी असतो म्हणून नव्हे, तर उकाडा असह्य होतो म्हणून संरक्षण उतरवतो. मुखवट्याचे जे, तेच केबिनच्या दाराचे. मोठ्या मालमोटारींच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा करणारा नियम २०२५ साली लागू झाला. रस्त्यावरच्या चालकाची ही दखल स्वागतार्हच. शेतातला चालक त्या नियमात बसत नाही.

दिंडोरीच्या मांडवाखाली बसेल अशी केबिन आली नाही, तोवर उघड्या सीटवरच्या चालकाला मुखवटा, वाऱ्याची दिशा आणि सकाळ-संध्याकाळची थंड वेळ हाच आधार आहे. जिथे केबिन आहे, तिथे मात्र बिघडलेला एसी ‘हंगामानंतर पाहू’ म्हणून ठेवू नये. फवारणीच्या पंपाचे नोझल तुंबले, तर मालक त्याच दिवशी नाशिक गाठतो. केबिनचा फिल्टर तुंबला, तर चालकाला दार उघडायला सांगतो. घडाला मिळणाऱ्या गारव्यातला थोडा वाटा तो घड पिकवणाऱ्या माणसाकडे वळवायला फार मोठे शास्त्र लागत नाही. सुरुवातीला तुंबलेली जाळी साफ केली, तरी पुष्कळ झाले.