एक मळकट, पण आत फूल

वरचं शीर्षक हे कोडं आहे. उत्तर तीन अक्षरांचं. पुढे वाचण्याआधी मिनिटभर थांबलात तर बरं.

मळकट म्हटलं की चिखल आठवतो, चिखलावरून कमळ. उत्तर बरोबर आहे. पण क्रिप्टिक शब्दकोड्यांच्या जगात एवढ्यावर पास करत नाहीत. 'एक मळकट' हे दोन शब्द जोडून लिहा: ए, क, म, ळ, क, ट. मधली फट बुजली की आत अख्खं कमळ बसलेलं दिसतं. 'पण आत' ही ते आत असल्याची खूण आणि 'फूल' हा उत्तराचा अर्थ. पाचही शब्द कामाला लागले, एकही उरला नाही. शाळेत समासाचा विग्रह करायचो ना, तसा हा क्लूचा विग्रह. चिखलावरून कमळ सुचलं तो तर्क होता, आता पुरावा हातात आला.

शब्दकोडं जन्मलं अमेरिकेत. लिव्हरपूलहून तिकडे गेलेल्या आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३च्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये ते पहिल्यांदा छापलं. ते सरळ होतं: अर्थ दिलेला, शब्द ओळखा. आपल्या बहुतेक मराठी दैनिकांतले आडवे-उभे शब्दही त्याच घराण्यातले. १९२०च्या दशकात हा खेळ इंग्लंडला पोचला आणि तिथे त्याला वाकडं वळण लागलं. क्लूनं एक गोष्ट बोलायची आणि दुसरीच सांगायची, असं ठरलं. त्या क्लूला दोन अंगं. एक अंग उत्तराचा अर्थ सांगतं आणि ते ओळीच्या सुरुवातीला तरी असतं किंवा शेवटाला तरी. दुसरं अंग त्याच उत्तराची अक्षरं कशी जुळवायची ते सांगतं. दोन्ही वाटांनी गेलात आणि एकाच दारात पोचलात, तर उत्तर पक्कं. सारी लबाडी आहे ती दोन अंगांमधला सांधा लपवण्यात.

आता एक घरगुती नमुना. 'गुरुजींच्या मागे गाडी, मायबाप! (४)'. वाचताच शाळेसमोरचा अपघात डोळ्यांपुढे येतो. तो येऊ द्यायचा नाही, हीच सोडवणाऱ्याची पहिली साधना. गुरुजी म्हणजे 'सर', त्यांच्या मागे गाडी म्हणजे 'कार', आणि मायबाप कोण? सरकार. दुसरा नमुना थोडा आडमुठा: 'हार आणि मधोमध डोंगराळ मुलुख (३)'. इथे कुणाचाही पराभव झालेला नाही. हार म्हणजे माळ. 'आणि' हा शब्द आपण कधी वाचतच नाही, त्यावरून नजर घसरते. इथे तोच चोर आहे. 'आणि' म्हणजे 'व'. तो माळेच्या मधोमध ठेवला की मावळ. मुरलेला सोडवणारा मोठ्या शब्दांकडे बघतच नाही. तो 'आणि', 'पण', 'मागे', 'आत', 'विना' अशा किरकोळ शब्दांची झडती घेतो, कारण बहुतेक वेळा मुद्देमाल त्यांच्याच खिशात सापडतो.

इंग्रजीला हा खेळ इतका मानवला याचं कारण त्या भाषेच्या गरिबीत आहे, असं मला वाटतं. इंग्रजी शब्दाच्या अंगावर लिंग-विभक्तीचे कपडे जवळजवळ नसतातच, त्यामुळे तो नाम आहे की क्रियापद हे शेजारी कोण बसलंय त्यावर ठरतं. म्हणूनच तिथे 'फ्लॉवर' हे फूल नसून 'फ्लो' होणारी, वाहणारी नदी असू शकते आणि 'लंडनचा फ्लॉवर' म्हणजे थेम्स. मराठीत असं वेषांतर अवघड. पाठ हा धडा आणि पाठ ही शरीराची, या दोघांना एका ओळीत लपवायला गेलं की 'तो' आणि 'ती' लगेच चुगली करतात. पण सर, हार, वार, कर, माळ अशी बहुरूपी मंडळी आपल्याकडेही कमी नाहीत, आणि श्लेषावर तर आपण पिढ्यानपिढ्या जगलो आहोत. नारदानं वाल्या कोळ्याला दिलेला 'मरा मरा' हा मंत्र घ्या. 'मरा' ही दोन अक्षरं उलटी वाचली की राम. महाराष्ट्रातल्या पोराला शब्द उलटवण्याचा पहिला धडा पाळण्यातल्या गोष्टीतच मिळतो, फक्त त्याला कुणी कोडं म्हणत नाही.

इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या रचनाकारांत 'टॉर्केमाडा' हे नाव सर्वांत धाकाचं. स्पेनमध्ये पाखंड्यांची चौकशी आणि छळ करणाऱ्या धर्माधिकाऱ्याचं नाव एडवर्ड पॉविस मॅथर्स यांनी घेतलं होतं, आणि १९२६पासून 'ऑब्झर्व्हर'च्या वाचकांना ते त्या नावाला शोभेल असंच वागवत. हा माणूस मुळात कवी आणि अनुवादक. बिल्हणाच्या 'चौरपंचाशिके'वरून त्यांनी इंग्रजीत केलेली 'ब्लॅक मॅरिगोल्ड्स' ही रचना गाजली होती. संस्कृतातल्या विरहात बुडालेला माणूस रविवारी लोकांचा छळ करायला बसतो, हे मला फार आवडतं. पण त्यांच्या क्लूंमध्ये कधीकधी हिशेब सुटायचा. १९३९मध्ये ते गेल्यावर त्यांच्या जागी डेरिक मॅकनट आले. अभिजात भाषांचे मास्तर. त्यांचं टोपणनाव 'झिमेनिस', तोही चौकशीवालाच. मास्तरांनी शिस्त लावली आणि १९६६मध्ये त्या शिस्तीवर पुस्तकच लिहिलं. क्लूमध्ये नेमका अर्थ हवा, अक्षरांची प्रामाणिक जुळणी हवी आणि याखेरीज काहीही नको. वाचकाला फसवा, पण खोटं बोलू नका.

संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीनं हा वाद शेकडो वर्षं आधी उकरला होता. 'काव्यादर्शा'त तो प्रहेलिकांचे, म्हणजे कोड्यांचे, सोळा प्रकार सांगतो. त्या कशाला हव्यात, तर रसिकांच्या बैठकीत करमणुकीला, गर्दीत गुप्त बोलायला आणि इतरांना चकवायला. आणि मग सांगतो की पूर्वीच्यांनी आणखी चौदा प्रकार सांगितलेत, पण ते सदोष. त्यांच्या तपशिलात तो शिरतच नाही. म्हणजे कोडं अवघड असणं आणि कोडं वाईट असणं, या दोन गोष्टी त्यानं आधीच वेगळ्या काढल्या होत्या.

हा फरक आपल्याकडे थेट सर्वोच्च न्यायालयातही पोचला. विसाव्या शतकाच्या मध्यावर देशात बक्षिसांच्या शब्दकोड्यांचं पेव फुटलं होतं. प्रवेश फी भरायची, रकाने भरायचे, पाठवून द्यायचे. क्लू असा बेतलेला की दोन-तीन शब्द सारखेच चपखल बसावेत, आणि 'बरोबर' ठरायचा तो आयोजकांनी आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी जुळणारा. बंगळुरूहून निघणाऱ्या, पण मुंबई राज्यातही खपणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' साप्ताहिकातल्या स्पर्धेवरून आर. एम. डी. चमारबागवाला आणि मुंबई राज्य यांचा खटला झाला. १९५७मध्ये न्यायालयानं हा प्रकार जुगार ठरवला. १९५५च्या केंद्रीय कायद्यानंही अशा स्पर्धांवर महिन्याला एकूण हजार रुपये बक्षिसांची मर्यादा घातली होती. माझ्या मते त्या कोड्यांचा खरा गुन्हा एवढाच, की त्यांचा विग्रह होत नव्हता. 'हेच का, ते का नाही?' याला उत्तर नव्हतं. क्रिप्टिक क्लूमध्ये आयोजकाच्या पाकिटाची गरजच पडत नाही. मावळ जुळलं ते रचणाऱ्यानं सांगितलं म्हणून नव्हे, माळेत 'व' बसला म्हणून.

आणि या कोरड्या हिशेबातून माणूस किती बोलू शकतो? जॉन ग्रॅहम हे इंग्लंडमधले पाद्री 'अराउकारिया' या टोपणनावानं 'गार्डियन'ची कोडी रचत. जानेवारी २०१३मध्ये, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी एका कोड्यावर छोटी टीप लिहिली: मला अमुक क्रमांकाचं अमुक झालंय आणि त्यावर अमुक उपचार चालू आहेत. सगळे आकडे. रकाने भरत गेलेल्यांना एकेक शब्द सापडत गेला: कर्करोग, अन्ननलिका, वेदनाशामक उपचार. पन्नासहून अधिक वर्षं सोबत केलेल्या माणसाची बातमी वाचकांना अशी, पेन्सिल हातात असताना कळली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले.

मराठीत क्रिप्टिक कोडी रचायला बसलं की खरा घोळ होतो तो अक्षरांची उलथापालथ करताना, म्हणजे ज्याला इंग्रजीवाले ॲनाग्राम म्हणतात तिथे. 'पालक चिरला, तर मिळाली कवटी (३)'. भाजीच्या विळीवरून एकदम खुनाकडे. पा-ल-क चिरून पुन्हा मांडा: क-पा-ल. कपाल म्हणजे कवटी. इथे प्रत्येक अक्षर आपल्या काना-मात्रेसकट हललं, म्हणून तक्रारीला जागा नाही. पण 'नवरा बिघडला की माकड (३)' याचं काय करायचं? उत्तर 'वानर'. न, व, र आणि एक काना, चारही वस्तू जागेवर आहेत. फक्त काना 'रा'वरून उठून 'वा'वर जाऊन बसला. हे चालतं का?

माझ्यातला झिमेनिस म्हणतो, नाही. देवनागरीत एकक अक्षर आहे. शब्दकोड्याच्या एका चौकोनात 'रा' बसतो, 'र' आणि काना वेगवेगळे नाहीत. जोडाक्षराचंही तेच, 'प्रश्न' म्हणजे दोन चौकोन. पण मग छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांकडे कान्याचा खिळा सुटा असायचा, त्याचं काय? आणि आज संगणकावर 'रा' लिहून एकदा बॅकस्पेस दाबलं की नुसता काना पुसला जातो, 'र' राहतो, त्याचं काय?

कडक नियम लावला, तर नवरा फार तर उलटा फिरून 'रावन' होतो, आणि तिथे 'न'चा की 'ण'चा हा वेगळाच वाद उभा राहतो. हा पेच मी घरी जेवताना मांडला. बायकोनं आमटी वाढता वाढता दोन्ही उत्तरं ऐकून घेतली आणि म्हणाली, "दोन्ही बरोबर आहेत. विग्रह मी करून देते."