रॉबिन नेमका कोणता?

'मेरी पॉपिन्स' हा १९६४ सालचा इंग्रजी चित्रपट लंडनमध्ये घडतो. त्यात एका गाण्याच्या वेळी खिडकीशी रॉबिन पक्षी येतो. जाणकार पक्षिनिरीक्षकांना तो पाहून हसू येते, कारण तो रॉबिन अमेरिकेतला आहे, इंग्लंडमधला नाही. दोन्ही देशांत नाव एकच, पण पक्षी वेगवेगळे.

चित्रपटातल्या अशा गफलतीने कोणाचे फारसे बिघडत नाही. पण एखादा पक्षी कमी होत आहे का, हे ठरवण्यासाठी आम्ही संशोधक निरनिराळ्या देशांतल्या नोंदी एकत्र करतो, तेव्हा नावाचा हा घोळ महागात पडू शकतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर हीच बोलीभाषेतली नावे फार बोलकी असतात. माणसांनी पक्ष्यांकडे कसे पाहिले, कोणाशी त्यांची तुलना केली, हे सारे त्यांत साठलेले असते. इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश या तीन शेजारी भाषांतली काही नावे शेजारी शेजारी ठेवून आपण हे पाहू.

कानाने दिलेली नावे

सुरुवात सोप्या उदाहरणाने करू. युरोपातल्या कोकिळेच्या एका जातीला इंग्रजीत कुक्कू, फ्रेंचमध्ये कुकू आणि स्पॅनिशमध्ये कुको म्हणतात. शास्त्रीय नावातला पहिला शब्दही 'कुक्युलस' असाच आहे. नर दोन सुरांत ओरडतो आणि तो आवाजच त्याचे नाव झाला. आवाजावरून पडलेली नावे अशी अनेक भाषांत जुळतात.

नेहमीच जुळतात असे मात्र नाही. आपल्याकडचा पावशा याच कुलातला. पावसाच्या तोंडावर त्याची हाक आपल्या शेतकऱ्याला 'पेर्ते व्हा' अशी ऐकू येते. भारतात राहिलेल्या इंग्रजांना त्याच हाकेत 'ब्रेन फीवर', म्हणजे मेंदूज्वर, ऐकू आला आणि त्यांनी त्याला तेच नाव दिले. पक्षी तोच आणि सूर तेच, पण ऐकणाऱ्याच्या मनात काय चालले आहे त्यावर नाव ठरले.

घुबडे किती प्रकारची?

आता घुबडांकडे वळू. इंग्रजीत सगळ्या घुबडांना मिळून 'आउल' हा एकच शब्द आहे. फ्रेंच माणूस मात्र दोन शब्द वापरतो. डोक्यावर शिंगांसारखे पिसांचे तुरे असतील तर 'इबू' आणि नसतील तर 'शुएत'. स्पॅनिशमध्ये तर शब्दांची चंगळच आहे. मोठे तुरेवाले घुबड 'बुओ', गव्हाणी घुबड 'लेचुसा', पिंगळ्यासारखे लहान घुबड 'मोचुएलो', तुरेवाले लहान घुबड 'आउतिल्यो' आणि रानातले गोल डोक्याचे घुबड 'काराबो'. आपणही घुबड आणि पिंगळा असे दोन शब्द सहज वापरतोच.

मग यांतली कोणती विभागणी बरोबर? निसर्गाने ती आखून दिलेली नाही. तुऱ्यांवरून नाते ठरत नाही. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातल्या पांढऱ्या हिमघुबडाचे तुरे इतके लहान असतात की ते सहसा दिसतच नाहीत. तरीही जनुकीय अभ्यासानंतर त्याला मोठ्या तुरेवाल्या घुबडांच्याच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, ठेवले आहे. डोळ्यांना काय ठळक दिसते ते बोलीभाषेतले नाव सांगते. रक्ताचे नाते सांगणे हे त्याचे काम नव्हे.

मार्टिन नावाचे अनेक जण

आता जरा अवघड प्रकरण. इंग्रजीत 'मार्टिन' म्हणजे भिंगऱ्यांच्या कुलातले काही पक्षी. घरांच्या वळचणीला मातीचे घरटे बांधणारी 'हाउस मार्टिन' ही त्यांतलीच. फ्रेंचमध्ये 'मार्तिने' असा अगदी सारखा शब्द आहे, पण तो पाकोळीसाठी, म्हणजे इंग्रजीतल्या 'स्विफ्ट'साठी. हाउस मार्टिनला फ्रेंच लोक 'इरोंदेल', म्हणजे भिंगरी, म्हणतात. स्पॅनिशमध्ये भिंगरीला 'गोलोंद्रिना' आणि पाकोळीला 'बेनसेखो' म्हणतात. हाउस मार्टिनला मात्र 'आविओन' म्हणतात, आणि विमानालाही तोच शब्द आहे! शब्द ऐकून भाषांतर करणारा इथे हमखास फसतो.

भिंगरी आणि पाकोळी दोन्ही हवेत उडता उडता किडे पकडतात. दोघींचे पंख लांब आणि कोयत्यासारखे. म्हणून त्या बहिणी वाटतात. लिनिअसनेही १७५८ मध्ये पाकोळीला भिंगऱ्यांच्याच प्रजातीत घातले होते. प्रत्यक्षात पाकोळीचे जवळचे नातेवाईक म्हणजे अमेरिकेतले गुंजन पक्षी, तर भिंगरी चिमण्या-बुलबुलांच्या मोठ्या गणातली. एकाच प्रकारच्या जगण्यामुळे दोघींची रूपे सारखी झाली.

मार्टिन इथेच थांबत नाही. फ्रेंचमध्ये खंड्याला 'मार्तँ-पेशर' आणि स्पॅनिशमध्ये 'मार्तिन पेस्कादोर', म्हणजे कोळी मार्टिन, म्हणतात. आणि आपली साळुंकी? तिचे फ्रेंच नाव 'मार्तँ त्रिस्त', म्हणजे उदास मार्टिन. लिनिअसने १७६६ मध्ये तिला दिलेल्या नावातला 'ट्रिस्टिस' या शब्दाचा अर्थही उदास असाच आहे. दिवसभर कलकलाट करणाऱ्या साळुंकीला उदास म्हणणे आपल्याला कधीच सुचले नसते! इंग्रजांनी मात्र हिंदीतला 'मैना' हा शब्दच उचलला.

घराची आठवण म्हणून

आता रॉबिनकडे परत येऊ. इंग्लंडमधल्या या पक्ष्याचे मूळचे नाव 'रेडब्रेस्ट', म्हणजे लाल छातीचा. त्याला लाडाने 'रॉबिन' हे माणसाचे नाव जोडले गेले आणि पुढे तेवढेच उरले. फ्रेंच 'रूज-गोर्ज' म्हणजे लाल गळ्याचा आणि स्पॅनिश 'पेतिरोखो' म्हणजे लाल छातीचा. तिन्ही भाषांनी एकच गोष्ट पाहिली.

इंग्रज उत्तर अमेरिकेत स्थायिक झाले. तिथे त्यांना विटकरी छातीचा, माणसांच्या वस्तीजवळ वावरणारा एक पक्षी दिसला आणि त्यांनी त्याला घरचे नाव दिले. पण हा पक्षी सुमारे २५ सेंटिमीटर लांबीचा, कस्तुराच्या कुलातला. इंग्लंडचा रॉबिन सुमारे १४ सेंटिमीटरचा आणि माशीमारांच्या कुलातला. अमेरिकन रॉबिनचे फ्रेंच नाव 'अमेरिकेतला मेर्ल' असे आहे आणि मेक्सिकोत त्याला 'मिर्लो' म्हणतात. मेर्ल आणि मिर्लो हे दोन्ही शब्द कस्तुराच्या जातभाईंसाठीच आहेत. म्हणजे इथे ही दोन नावे खऱ्या नात्याच्या जवळ पोहोचली.

इंग्रजांनी भारतातही हेच केले. चिरक हा 'इंडियन रॉबिन' झाला आणि दयाळ 'मॅगपाय रॉबिन'. चिरकाच्या छातीवर लालीचा मागमूसही नाही, ती शेपटीखाली असते. तरीही गंमत अशी की आजच्या वर्गीकरणानुसार चिरक आणि दयाळ हे दोघेही इंग्लंडच्या रॉबिनच्याच कुलात येतात. अमेरिकेत लाल छाती पाहून दिलेले नाव चुकले आणि इथे लाल छाती नसताना दिलेले नाव नात्याच्या जवळ गेले.

आला कुठून?

काही नावे पक्षी कुठून आला हे सांगतात, बहुधा चुकीचे. टर्की हा पक्षी मूळचा उत्तर अमेरिकेतला. तो मेक्सिकोत माणसाळवला गेला आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी युरोपात आणला. इंग्रजीत त्याच्या नावाला चिकटला तुर्कस्तान. फ्रेंच 'दँद' म्हणजे 'इंडियाची', कारण अमेरिकेलाही त्या काळी इंडीज म्हणत. खुद्द तुर्की भाषेत त्याचे नाव 'हिंदी', आणि पोर्तुगीजमध्ये 'पेरू'! मेक्सिकोत मात्र त्याच्या मूळ देशाची खूण टिकून आहे. तिथला 'ग्वाखोलोते' हा शब्द स्थानिक नाहुआत्ल भाषेतून आला.

स्पॅनिश लोकांना तो मोरासारखा वाटला, म्हणून त्यांनी मोराचे 'पावो' हे नाव त्यालाच देऊन टाकले. मग खऱ्या मोराला 'पावो रेआल', म्हणजे राजेशाही पावो, म्हणावे लागले. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून आणलेल्या नवलाच्या वस्तूंत हा पक्षी होता. जहांगीर बादशहाने त्याचे वर्णन करताना तो लांडोरीपेक्षा मोठा आणि मोरापेक्षा लहान असल्याचे लिहिले. मन्सूर या चित्रकाराने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. अपरिचित पक्षी दिसला की माणूस ओळखीच्या पक्ष्याशी तुलना करतो, मग तो स्पॅनिश असो की मोगल.

मग नाव कोणते लिहायचे?

या गोंधळावरचा उपाय म्हणजे दोन शब्दांचे शास्त्रीय नाव. प्राण्यांच्या बाबतीत लिनिअसच्या ग्रंथाची १७५८ ची दहावी आवृत्ती ही या नावांची सुरुवात मानतात. 'टर्डस मायग्रेटोरियस' म्हटले की पॅरिस, माद्रिद किंवा पुणे, कुठेही एकच पक्षी डोळ्यांपुढे येतो. मात्र शास्त्रीय नाव कायमचे असते असे नाही. नात्याविषयीची आपली समज बदलली की तेही बदलते. चिरक पूर्वी एका वेगळ्या प्रजातीत होता, आता तो दयाळाच्या प्रजातीत आहे. बोलीभाषेतल्या नावांनाही शिस्त लावण्याचे प्रयत्न झाले आहेत. जगभरच्या पक्ष्यांच्या प्रमाणित फ्रेंच नावांची यादी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. स्पॅनिश नावांसाठी असे काम स्पेनच्या पक्षिविज्ञान संस्थेने केले. ही प्रमाण नावे नोंदींसाठी आवश्यक आहेत, पण त्यांच्यासाठी गावातले नाव पुसायचे कारण नाही.

वर्गात हा प्रश्न रोजचाच असतो. पुस्तकात 'भारद्वाज' छापलेले असते आणि एखादा मुलगा म्हणतो, "आमच्याकडे याला कुंभारकावळा म्हणतात." दुसरी म्हणते, "आमची आजी कुकुडकोंबा म्हणते." यांतले कोणतेही नाव चूक म्हणून खोडू नये. हा पक्षी कावळाही नाही आणि कोंबडाही नाही, तो कोकिळेच्या कुलातला आहे. इंग्रजांनीही त्याला 'क्रो-फेझंट' म्हटले होते, आणि फेझंट म्हणजे कोंबड्याचाच भाऊबंद. म्हणजे या आजीला आणि त्या इंग्रजांना एकच साम्य जाणवले होते.

मुलांना एक काम देता येईल. घरच्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून पाच पक्ष्यांची जमतील तितकी नावे गोळा करायची. मग फळ्यावर चार रकाने आखायचे: आवाजावरून, रूपावरून, सवयीवरून, दुसऱ्या पक्ष्याशी तुलनेवरून. प्रत्येक नाव कोणत्या रकान्यात बसते ते मुलांनीच ठरवायचे. जे कुठेच बसणार नाही त्याची वेगळी नोंद ठेवायची, कारण सर्वांत चांगले प्रश्न तिथेच निघतात. शेवटी प्रत्येक पक्ष्यापुढे शास्त्रीय नाव लिहायचे. आजीचे नाव आणि शास्त्रीय नाव एकाच ओळीत आले, की त्या नोंदीचा उपयोग मुलांनाही होईल आणि पुढे कधी संशोधकांनाही.