ब्रँड बदलताय? आधी माउंट बघा

प्रवासाला हलका कॅमेरा हवा म्हणून कॅननचा डीएसएलआर सोडून सोनीच्या मिररलेसकडे जायचं, तर बॉडीच्या किमतीआधी लेन्सचा हिशेब मांडावा. माउंट, म्हणजे लेन्स अडकवायचं कडं, प्रत्येक कंपनीचं बहुधा वेगळं असतं.

डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे आरसा असतो. त्याला जागा हवी, म्हणून कॅननच्या ईएफ माउंटपासून सेन्सर ४४ मिमीवर असतो. मिररलेसमध्ये आरसाच नाही. सोनीच्या ई माउंटमध्ये हे अंतर १८ मिमी आहे. उरलेल्या २६ मिमीत अ‍ॅडॉप्टर बसतो आणि जुनी ईएफ लेन्स नव्या बॉडीवर चालते. मात्र ऑटोफोकस मंदावू शकतो आणि पिशवीचं वजनही वाढतं. त्यामुळे अ‍ॅडॉप्टर ही तात्पुरती सोय समजावी.

वजनही नुसत्या बॉडीचं पाहून चालत नाही. बॅटरी आणि कार्डासह छोट्या सेन्सरचा सोनी ए६७०० सुमारे ४९३ ग्रॅम भरतो, तर मोठ्या सेन्सरचा, म्हणजे फुल-फ्रेम, ए७ फोर ६५८ ग्रॅम. एवढ्याने खांदा दुखत नाही. खरा भार लेन्सचा: फुल-फ्रेमसाठीची २४-७० एफ/२.८ जीएम टू एकटीच ६९५ ग्रॅमची आहे. दिवसभर चालायचं असेल, तर छोटा सेन्सर आणि त्याच्या छोट्या लेन्स सोयीच्या.

शेवटी हाताची सवय. मेन्यू, बटणं, पकड सगळंच बदलतं. निकॉनची लेन्स तर कॅनन-सोनीच्या उलट दिशेने फिरवून बसवावी लागते. म्हणून नवी बॉडी आधी भाड्याने आणून वापरावी. जुनी विकायची घाई नको.