निसर्गचित्रण : रंगपेटी घेऊन शिवारात

'खेड्याचे दृश्य काढा' म्हटलं की आपल्या कागदावर काय उमटतं? दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि नारळाचं झाड. पण हे गाव कोल्हापूर जिल्ह्यात कुठं पाहिलंय का? नाही ना! ते आपण पाहून नाही, पाठ करून काढतो. प्रत्यक्ष जागेवर बसून काढलेल्या चित्राला निसर्गचित्रण म्हणतात.

कोल्हापूरला 'कलापूर' म्हणतात, त्यात निसर्गचित्रणाचा मोठा वाटा आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी असलेले चित्रकार आबालाल रहिमान (निधन 1931) यांनी कोटितीर्थ तलावाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. एकच जागा वेगवेगळ्या वेळी का रंगवायची? कारण उजेड बदलला की रंग बदलतात. त्यांची चित्रं टाऊन हॉल संग्रहालयात आहेत, जरूर बघा.

सुरुवातीला हिवाळ्यातलं गुऱ्हाळ निवडा. जुन्या पत्रिकेला चौकोनी खिडकी कापा आणि तिच्यातून बघा. जेवढं दिसेल तेवढंच काढायचं. सावल्या आधी आखून ठेवा, कारण तासाभरात त्या सरकतात. जलरंगात फिकट रंग आधी, गडद नंतर. काहिलीवरची वाफ पांढऱ्या रंगानं काढू नका. तिथला कागद कोरा ठेवा, कडा ओल्या करा आणि मागचा काळोख रंगवा; वाफ आपोआप दिसेल.

तुम्ही बसलात की माणसं जमणारच. "काय काढालायस रं बाळा?" असं कुणीतरी विचारेल. लाजून कागद झाकू नका, दाखवा. समजा, तुम्ही उसाच्या गाडीचं जू बैलाच्या वशिंडामागं काढलंय. गाडीवान मामा लगेच सांगतील, "जू वशिंडाच्या पुढं असतंय!" ही चूक कदाचित चित्रकलेच्या सरांच्याही नजरेतून सुटेल; पण ज्यांनी रोज बैल जुंपले, त्यांच्या नजरेतून सुटणार नाही. म्हणून त्यांचं ऐका आणि तिथंच दुरुस्त करा. वर गरम काकवी किंवा रसाचा पेला मिळाला तर तो गावाचा पाहुणचार समजा!

मात्र काही गोष्टी पाळायच्याच. आधी विचारून बसा. कुणाचा चेहरा काढायचा असेल तर परवानगी घ्या. उकळत्या काहिलीपासून लांब राहा. पीक तुडवू नका, रंगाचं पाणी पाटात ओतू नका. आणि निघताना पुरं झालेलं चित्र त्यांना दाखवा. शिवार त्यांचं आहे, आपण तासाभराचे पाहुणे.

येत्या रविवारी घराजवळची एकच जागा निवडा. सकाळी आठला एक आणि संध्याकाळी पाचला एक, अशी तिची दोन चित्रं काढा. दोन्ही शेजारी ठेवून बघा, सावली कुठल्या बाजूला गेली आणि कोणता रंग बदलला ते चित्रांखाली लिहा.